आलिशान सेदान घेताना भरवशाला किती वजन द्यावे आणि मनाच्या ओढीला किती?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, २०११ साली घेतलेली कोरोला अल्टिस आता बदलायची आहे. त्यांचे मन बीएमडब्ल्यूच्या ३३० एलआयवर, म्हणजे थ्री सिरीजच्या लांब आवृत्तीवर जडले आहे, थोरले बंधू आणि सीए दोघेही टोयोटा कॅम्री हायब्रीडचा आग्रह धरत आहेत, आणि मधला मार्ग म्हणून कोणीतरी लेक्सस ईएस ३०० एच सुचवली आहे. गाडीचे धावणे वर्षाला साधारण पंधरा हजार किलोमीटर. महिन्यातून एकदा वाशीच्या बाजारासाठी मुंबई, एरवी घर ते यार्ड आणि अधूनमधून मिरज, तासगाव, कोल्हापूर. गाडी ते स्वतः चालवतात, मागच्या सीटवर बहुधा आई असतात, आणि घरात एक इनोव्हा आहेच. एवढी माहिती दिल्यावर त्यांनी प्रश्न एका ओळीत संपवला आहे: भरवसा पाहू की मनाचे ऐकू?

मी सातारा-सांगली पट्ट्यात गाड्यांची तपासणी आणि दुरुस्ती करणारा माणूस आहे. त्यामुळे शोरूममधून गाडी हार घालून बाहेर पडल्यानंतर पाच-सात वर्षांनी तिचे काय होते, हे मला जवळून दिसते, आणि हे उत्तर त्या बाजूने लिहिलेले आहे.

प्रथम भरवशाविषयी. आपल्याकडे एखादी गाडी भरवशाची म्हणताना चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. गाडी किती वेळा बिघडते, बिघडली तर रस्त्यात उभी राहते की नुसता दिवा लावून चालत राहते, दुरुस्तीला किती खर्च येतो, आणि ती दुरुस्ती किती लांब व किती दिवसांत होते, या त्या चार गोष्टी होत. पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या माणसाला शेवटच्या गोष्टीची फारशी झळ लागत नाही. सांगलीच्या माणसाला मात्र तीच सर्वांत अधिक जाचते. सुटा भाग चार हजारांचा असेल, पण तो मागवून येईपर्यंत गाडी पुण्यात आठवडाभर उभी, तिला न्यायला फ्लॅटबेड ट्रक, आणायला पुन्हा एक दिवस, आणि ऐन सौद्यांच्या दिवसांत पेढीवर मालक नाही. हा खर्च कोणत्याही कोष्टकात येत नाही. याउलट टोयोटाची सर्व्हिस सांगली-कोल्हापूर पट्ट्यातच होते, त्यामुळे कॅम्रीचा निम्मा भरवसा तिच्या इंजिनात असेल तर उरलेला निम्मा या जवळच्या वर्कशॉपमध्ये आहे. लेक्सस टोयोटाचीच असली तरी तिची विक्री आणि सेवा वेगळ्या दालनांतून होते. ‘टोयोटावाले बघतीलच’ असे गृहीत धरून ती घेऊ नये. कोणते काम कुठे होईल, हे आधी लेखी विचारावे.

लोक अमेरिकेतील सर्वेक्षणांचे आकडे घेऊन येतात, म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. जे. डी. पॉवर या संस्थेचा भरवशाचा अभ्यास तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून केला जातो आणि निकाल दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असा येतो. लेक्सस त्यात अनेकदा अव्वल किंवा अव्वलच्या जवळ असते, यात वाद नाही. परंतु त्या मोजणीत फोन ब्लूटूथला न जोडला जाणे हीही एक तक्रार आणि गिअरबॉक्स अडकणे हीही एकच तक्रार असते. अलीकडच्या वर्षांत तर सर्वाधिक तक्रारी पडदा, आवाजी आज्ञा आणि फोनची जोडणी यांच्याच असतात. शिवाय ते मालक अमेरिकेतील, रस्ते तिथले, पेट्रोल तिथले. हीच संस्था गाडीविषयी वाटणारी ओढही मोजते, त्या अभ्यासाचे नाव ‘अपील’. पण तो प्रश्न नवी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांच्या अनुभवावर विचारला जातो. म्हणजे ओढ मोजली जाते तीन महिन्यांनी आणि भरवसा मोजला जातो तीन वर्षांनी. तुम्ही मात्र गाडी दहा-बारा वर्षे वापरणारे गृहस्थ आहात. पाचव्या वर्षी ओढ किती उरते आणि आठव्या वर्षी भरवसा किती उरतो, हे तुम्हाला हवे आहे, आणि ते दोन्ही आकडे त्या कागदांत नाहीत.

आता यंत्राकडे वळू, कारण भरवसा अखेर तिथूनच येतो. कॅम्री आणि ईएस या दोन्ही गाड्यांत अडीच लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि टोयोटाची हायब्रीड प्रणाली आहे. या प्रणालीचे सौंदर्य तिच्यात काय नाही, यात आहे. तिच्यात क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, बदलणारे गिअर नाहीत. ग्रहमालिकेसारखा एक गिअरसंच आणि दोन विद्युत मोटारी एवढ्यावर सगळा व्यवहार चालतो. इंजिनात दाबून हवा भरणारा टर्बो नाही, त्यामुळे त्याच्या नळ्या, ती हवा थंड करणारा इंटरकूलर, तापमानाचा ताण हेही नाही. ब्रेक लावताना मोटारच जनित्र होऊन बरेचसे काम करते, म्हणून ब्रेकपॅड आश्चर्य वाटावे इतके टिकतात. बॅटरीची धास्ती अनेकांना असते. कॅम्रीच्या हायब्रीड बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे, आणि लेक्ससने जून २०२४ पासून विकलेल्या नव्या गाड्यांना तेवढीच वॉरंटी सबंध गाडीवर दिली आहे. तुमच्या धावण्याच्या हिशोबाने आठ वर्षांत १,२०,००० किलोमीटर होतील, म्हणजे वर्षांची मर्यादा आधी येईल. एक गोष्ट मात्र आपल्या भागात पाळली पाहिजे: बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते, आणि त्या जाळीवरचा फिल्टर धुळीने, कुत्र्या-मांजरांच्या केसांनी आणि तुमच्या बाबतीत हळदीच्या भुकटीने भरू शकतो. तो दर सर्व्हिसला काढून पाहायला सांगा. वर्कशॉपमध्ये न सांगता तो पाहिला जाईलच याची खात्री मी देणार नाही.

बीएमडब्ल्यूचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन सुमारे २५८ अश्वशक्तीचे आहे आणि त्याला झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडलेला आहे. ही जोडी चांगली आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. जर्मन गाड्यांची बदनामी ज्या इंजिनांमुळे झाली त्यांत बीएमडब्ल्यूचे २००७ नंतरच्या काही वर्षांतले दोन लिटरचे डिझेल इंजिन ठळक आहे. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला होती आणि ती लवकर झिजत असे, त्यामुळे बदलायला सबंध इंजिनच उतरवावे लागे. आजचे पेट्रोल इंजिन त्या पिढीचे नाही. गिअरबॉक्सही दणकट आहे, पण एका अटीवर. गाडी बनवणारी कंपनी त्याच्या तेलाला जन्मभराचे म्हणते, आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत तेल बदलायला सांगते. बनवणाऱ्याचे ऐकावे, असे माझे मत आहे.

मग या गाड्या बिघडतात कुठे? मोठे लोखंडी भाग सहसा टिकतात, बारीकसारीक प्लॅस्टिक आणि रबर आधी जाते. मिरजेतील एका डॉक्टरांसाठी सात वर्षांची एक युरोपीय सेदान तपासत असताना इंजिनावरचे आच्छादन काढले, तेव्हा वरून सर्व काही चकचकीत होते, कारण विकणाऱ्याने इंजिन धुऊन पॉलिश मारली होती. लिफ्टवर घेऊन इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचाच्या खालच्या फटीत टॉर्च मारला, तर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या प्लॅस्टिक नळीच्या जोडावर मिठासारखी पांढरट-गुलाबी पुटे दिसली. तिथे अंगठ्याने हलकेच दाबल्यावर नळीच्या कडेचा कपचा हातात आला. उष्णतेने ते प्लॅस्टिक पापडासारखे ठिसूळ झाले होते. भाग फार महागडा नव्हता, पण तिथवर हात पोचण्यासाठी वरचे अर्धे इंजिन मोकळे करावे लागते, आणि ते केले नाही तर एखाद्या दुपारी खंबाटकी घाट चढताना कूलंट संपून इंजिन तापते आणि मग हेड गॅस्केटचे बिल येते. डॉक्टरांनी गाडी घेतली, पण ते काम विकणाऱ्याकडून करून घेऊन आणि किंमत उतरवून. अशा गाड्यांत कूलंटच्या नळ्या, पाण्याचा पंप, तेलाच्या फिल्टरच्या बैठकीचे गॅस्केट, पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि बारा व्होल्टची बॅटरी, एवढ्या गोष्टी वेळापत्रक लावून बदलल्या तर निम्मे बिघाड होतच नाहीत. वेळापत्रक पाळायचे की दिवा लागण्याची वाट पाहायची, हा मालकाच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

म्हणून तुमच्या अल्टिसविषयी एक गोष्ट विचारावीशी वाटते. ती इतकी वर्षे चालली, याचे श्रेय गाडीला द्यायचे की तुम्हाला? तुम्ही लिहिले आहे की कोविडच्या काळात दोन सर्व्हिसा चुकल्या तरी तिने कुरकूर केली नाही. हे वाक्य मला बीएमडब्ल्यूच्या दृष्टीने काळजीचे वाटते. अल्टिससारखी गाडी मालकाचा आळस पोटात घालते. टर्बो इंजिनाची, दाट सेन्सरांची गाडी तो पोटात घालत नाही. तेल उशिरा बदलले तर टर्बोची बेअरिंगे झिजतात, सिलिंडरात थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते, आणि हे सगळे शांतपणे घडत असते. कंपनीचा सर्व्हिसचा अंतराल मोठा असला तरी आपल्या धुळीत आणि थांबत-चालत होणाऱ्या शहरी वापरात आठ-दहा हजार किलोमीटरला तेल बदलावे, असे मी माझ्या सर्व ग्राहकांना सांगतो.

रस्त्यांचाही विचार हवा. पेठ नाक्यापासून सांगलीकडे येणाऱ्या रस्त्याची गेल्या काही वर्षांतली अवस्था सांगलीकरांना मी काय सांगावी, आणि सातारा-कागल महामार्गाच्या सहापदरीकरणातल्या वळण-रस्त्यांनी किती रिमे वाकवली, याचा हिशोब टायरवाल्यांकडे आहे. बीएमडब्ल्यूला बहुतेक वेळा रनफ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर चालता येते, ही त्यांची सोय. रात्री कराडच्या पुढे टायर गेला तरी सांगली गाठता येते. पण त्यांची बाजू कडक असते, खड्ड्याचा दणका सरळ आत येतो, बाजूला फुगा आला तर टायर फेकावाच लागतो, आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने पहारीने काढायचा प्रयत्न केला तर टायरची कड फाटते. गाडीत स्टेपनी आहे की नाही आणि असल्यास कोणत्या मापाची, हे डिलिव्हरीपूर्वी डिकी उघडून पाहा. शिवाय ३३० एलआयचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, साध्या थ्री सिरीजपेक्षा ११० मिलिमीटरने लांब, २,९६१ मिलिमीटर आहे. मागे पाय पसरायला जागा मिळते ती यामुळेच, पण उंच गतिरोधकावर पोट घासण्याचा धोकाही त्यामुळेच वाढतो. चार माणसे बसवून तुमच्या घराच्या गल्लीतला गतिरोधक ओलांडून पाहिल्याशिवाय निर्णय करू नका.

पेट्रोलबद्दल अनेकजण विचारतात. आता मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे, आणि त्यातले काही इथेनॉल आपल्याच जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून येते. त्यामुळे निदान सांगलीकराने तरी त्याला फार नावे ठेवू नयेत. इथेनॉलचा उष्मांक पेट्रोलपेक्षा जवळपास एकतृतीयांशाने कमी असल्याने ॲव्हरेज थोडे उतरते. ऑक्टेन मात्र वाढतो. आजच्या नव्या गाड्या या इंधनासाठीच बनलेल्या आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याने तिच्या इंधनाच्या झाकणावरची खूण आणि पुस्तिका पाहावी. तुमच्या प्रश्नात डिझेल नाही, हे बरेच झाले. घर ते यार्ड अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत बीएस-सहा डिझेलचा काजळी-फिल्टर जळून साफ होत नाही, आणि तो तुंबला की वर्कशॉपच्या फेऱ्या चुकत नाहीत.

आता ओढीविषयी, कारण तुमचे बंधू ज्याला हौस म्हणून बाजूला सारत आहेत, तिला माझ्या हिशोबात रोख किंमत आहे. तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी सगळ्यांच्या सल्ल्याने अत्यंत शहाणपणाची गाडी घेतली होती. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, पण त्यांना ती कधी आवडलीच नाही. दोन वर्षांत त्यांनी ती विकली आणि मनातली दुसरी घेतली. पहिल्या दोन वर्षांतली किमतीची घट, नव्या गाडीचा रोड टॅक्स, विमा असे मिळून जे पैसे गेले, तेवढ्यात एखाद्या जर्मन गाडीचा गिअरबॉक्स नवा बसला असता. न आवडलेली भरवशाची गाडी ही महाग पडू शकते. दुसरे असे की ज्याला गाडी आवडते तो तिच्याकडे लक्ष देतो, नवा आवाज त्याला आठवड्याभरात कळतो आणि फरशीवरचा तेलाचा थेंबही दिसतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या युरोपीय गाड्यांत ज्या उत्तम स्थितीत असतात, त्या जवळपास सगळ्या अशा मालकांच्या आहेत. त्या घेण्यासाठी मी ग्राहकाला भरीस घालतो.

तरीही ओढीचे दोन भाग करून पाहावेत. एक भाग पाच वर्षांनीही तसाच राहतो: स्टिअरिंगचा हाताला लागणारा भार, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी वळणात कशी बसते, सीट पाठीला कशी धरते, दार लावल्यावर बाहेरचा आवाज किती तुटतो. दुसरा भाग वर्षभरात विरतो. रुंद वाकवलेला पडदा, रात्री रंग बदलणारे दिवे, हाताच्या इशाऱ्याने आवाज वाढणे, आणि हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण यार्डात गाडी उभी केल्यावर लोकांनी वळून पाहणे, हेही त्यातच येते. पडद्याचे तर उलटेच होते. पाच वर्षांनी गाडीतली सगळ्यात जुनाट दिसणारी वस्तू तीच असते. तुमच्या पत्रात तुम्ही खंबाटकीच्या वळणांचा, स्टिअरिंगचा आणि ओव्हरटेक करताना गाडीने दिलेल्या साथीचा उल्लेख केला आहे, पडद्याचा एकदाही नाही. ही ओढ टिकणाऱ्या जातीची आहे, असे मी समजतो.

कॅम्री याच जागी तुम्हाला निराश करील. ती आरामशीर आहे, शहरात रेशमासारखी चालते, कंपनीच्या दाव्याप्रमाणे लिटरला २५.४९ किलोमीटर देते आणि प्रत्यक्षात अठराच्या आसपास सहज देते. पण चढावर जोराने पाय दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. काहींना ते जाणवतही नाही, तुम्हाला ते जाणवेल. लेक्सस ईएसला केवळ मधला मार्ग म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण शांतता हीसुद्धा एक ओढच आहे. मुंबईहून सात-आठ तासांनी घरी उतरताना पाठ आणि कान दुखत नाहीत, याची किंमत पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला कळते, आणि आईंसाठी मागची सीट तर तिन्हींत उत्तम. मात्र चालवण्याची मजा शोधणाऱ्याला तिच्यात ती सापडत नाही, आणि पैसे जवळपास बीएमडब्ल्यूएवढेच जातात.

पैशांचा हिशोब त्रोटकच देतो. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरला, बीएमडब्ल्यूचे प्रत्यक्ष ॲव्हरेज अकरा आणि कॅम्रीचे अठरा धरले तर सुमारे ५३० लिटरचा फरक पडतो, म्हणजे आजच्या भावाने पंचावन्न हजार रुपयांच्या आसपास. साठ लाखांच्या पुढची गाडी घेणाऱ्याने या रकमेवर निर्णय करू नये. खरा खर्च घटीचा आहे. आलिशान सेदान पाच वर्षांत निम्मी किंमत सहज गमावते आणि वॉरंटी संपलेल्या जर्मन गाडीला आपल्या भागात गिऱ्हाईक फार कमी असते, ती पुण्यातच विकावी लागते. सीएंना एक गोष्ट आवर्जून विचारा. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर २० टक्के. जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा तीस लाख झाली आहे. प्रवासी गाडीच्या जीएसटीचे क्रेडिट तुमच्यासारख्या व्यापाऱ्याला मिळत नाही, घसारा मिळतो तो १५ टक्के दराने. ‘फर्मच्या नावावर घेतली की सगळे सुटते’ हा यार्डातला समज तपासून घ्यावा.

पुराचा मुद्दा तुम्ही लिहिलेला नाही, पण सांगलीत तो सोडून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे; २०२१ च्या जुलैतही पुन्हा पूर आला. या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सीटखाली आणि डिकीच्या तळाशी असतात, हायब्रीडची मुख्य बॅटरीही खालीच असते, त्यामुळे गुडघाभर पाणीसुद्धा सबंध गाडी बाद करू शकते. या एका बाबतीत तिन्ही गाड्या सारख्याच नाजूक आहेत. विमा झीरो डेप (भरपाई देताना सुट्या भागांची घट न कापणारी जोडणी), इंजिन संरक्षण आणि मूळ किमतीची भरपाई या तिन्ही जोडण्यांसह घ्या, पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, आणि पावसाळ्यात कोयनेच्या विसर्गाच्या बातम्या येऊ लागल्या की गाडी विश्रामबागच्या उंच भागात कोणाकडे ठेवता येईल, ते आताच ठरवून ठेवा.

आता माझा कौल. तुमच्या घरात दुसरी गाडी आहे, आणि माझ्या मते ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. घरातली एकुलती एक गाडी असती, रात्री-अपरात्री आईंना मिरजेच्या हॉस्पिटलात न्यायचा भार तिच्यावरच असता, तर मी दुसऱ्या कोणत्याही मुद्द्यापर्यंत न जाता कॅम्री सांगितली असती. इनोव्हा दारात असताना आलिशान सेदान आठवडाभर वर्कशॉपमध्ये राहिली तर गैरसोय होते, अडचण होत नाही. तेव्हा तुमच्यासाठी मी ३३० एलआय सुचवतो, पण सहा वर्षांसाठी, अल्टिससारखी चौदा वर्षांसाठी नव्हे. वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज गाडी घेतानाच घ्या, नंतर ती महाग मिळते. ती वॉरंटी संपण्याच्या सहा महिने आधी गाडी विकायला काढा. दर वर्षी एक ठरावीक रक्कम, माझ्या अंदाजाने लाख-दीड लाख, टायर आणि किरकोळ कामांसाठी बाजूला ठेवा. आणि तेलाची तारीख पेढीच्या वहीत लिहा, कारण ती वही तुम्ही रोज उघडता.

सहा वर्षांनी गाडी विकणे तुम्हाला जमणार नाही, ती मनाने घरातली होऊन बसेल, असे तुम्हाला आताच वाटत असेल तर लेक्सस घ्या आणि ती दहा-बारा वर्षे ठेवा. बंधूंचा मान राखायचा म्हणून कॅम्री घेऊ नका. ती तुमच्या बंधूंसाठी योग्य गाडी आहे, आणि त्यांनी स्वतःसाठी घेतली तर मी त्यांचे अभिनंदन करीन.

बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी दोन चाचण्या घ्या, मध्ये तीन आठवडे जाऊ द्या. या किमतीच्या गाडीसाठी पुण्याचे विक्रेते सांगलीला गाडी घेऊन येतात, तसे स्पष्ट सांगा. पहिली चाचणी तुमच्या मनासारखी घ्या. दुसरी यार्डातले काम संपल्यावर, थकलेल्या अवस्थेत, आईंना मागे आणि बंधूंना शेजारी बसवून, सांगली ते पेठ नाका आणि परत अशी घ्या. ऊसतोडणीचा हंगाम असेल तर फारच उत्तम, कारण रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे रांगेत चालताना हेडलाइट, ब्रेक आणि सीट यांची खरी परीक्षा होते. परत आल्यावर आईंच्या पाठीचे काय म्हणणे आहे, ते विचारा. विक्रेत्याकडून वाढीव वॉरंटीत कूलंटच्या नळ्या, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि सस्पेन्शन धरलेले आहे की वगळलेले, आणि गाडी बंद पडल्यास सांगलीहून वर्कशॉपपर्यंत ती नेण्याचा खर्च कोणाचा, हे दोन्ही त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. सेल्समनने फोनवर दिलेला शब्द सर्व्हिस काउंटरवर चालत नाही.